आजोळ विचारणारे डॉक्टर

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस आडवा झाला की त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. सकाळपासून काही खाल्लंय का, दात हलतोय का, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठतं का. आमच्या नर्सिंग होममध्ये त्याच्याही आधी एक प्रश्न असायचा. टेबलाच्या डोक्याशी उभे असलेले डॉक्टर खाली वाकायचे आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखे विचारायचे, "काय हो, तुमचं आजोळ कुठलं?"

ज्याचं अपेंडिक्स आत ठणकतंय त्याला ही चेष्टाच वाटायची. पण गंमत अशी, की आजोळाचं नाव निघालं की कण्हणारा माणूससुद्धा कण्हायचा थांबायचा. कोणी म्हणायचं कडाव, कोणी खालापूर, कोणी पार मुरबाडच्या पुढचं. डॉक्टर खूश. "अरे वा! चला तर मग, निघू या." आणि शिरेत इंजेक्शन सोडता सोडता त्यांचा प्रवास सुरू व्हायचा. "कर्जत स्टेशनच्या बाहेर आलो. जीपवाला कशेळे कशेळे म्हणून ओरडतोय. आपल्याला पुढची सीट मिळाली. चार फाटा गेला. आता भातखाचरं लागली..." कडाव येईपर्यंत माणूस गाढ झोपलेला असायचा. त्यांच्याबरोबर आजोळापर्यंत जागेपणी पोचलेला पेशंट मी एकही पाहिला नाही.

ते भूल देणारे डॉक्टर. स्वतःचा दवाखाना नाही, दारावर पाटी नाही. एक निळी स्कूटर आणि तिच्या पायाशी ठेवलेली काळी बॅग. कर्जत, नेरळ, खोपोली, जिथून फोन येईल तिथे हजर. उंच, काटकुळे, आणि थिएटरमधला एसी सोसत नाही म्हणून वैशाखातसुद्धा डोक्याला माकडटोपी. हिरव्या गाऊनवर ती तपकिरी टोपी असा त्यांचा अवतार बघून एका बाईने विचारलं होतं, "सिस्टर, ह्ये वॉचमन हायेत का?" डॉक्टरांनीच उत्तर दिलं, "हो. तुमच्या श्वासावर पहारा द्यायला बसलोय."

मी कर्जतच्या त्या लहानशा नर्सिंग होममध्ये थिएटर सिस्टर होते. नर्सिंग होम एका बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. मॅडम म्हणजे घाईचं काम. त्या चाकू हातात घेऊन उभ्या आणि हे अजून पळसदरीपर्यंतच पोचलेले. मग खटके उडायचे. "डॉक्टर, तुमची सहल आवरा." "मॅडम, वाटेत उतरता येत नाही." माझी निम्मी नोकरी या दोघांमध्ये पडण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल.

दुसरा विक्षिप्तपणा चहाचा. ऑपरेशन संपलं की आम्ही सगळे चहाला बसायचो. हे नाहीत. पेशंटच्या उशाशी स्टूल घेऊन बसायचे आणि तो डोळे उघडायला लागला की विचारायचे, "मी चहा घेऊ का?" पेशंटने "घ्या" म्हटलं तरच चहा. नुसती मान हलवलेली चालायची नाही. एकदा एका म्हाताऱ्याने "नका घेऊ" म्हणून सांगितलं, तर त्या दिवशी खरंच घेतला नाही. मी चिडवलं तर म्हणाले, "सिस्टर, प्रश्न ऐकला, समजला, वर स्वतःचं मत दिलं. याच्याहून जागा माणूस असतो का?"

मी तोंडाची फटकळ. एक दिवस सरळच विचारलं, "डॉक्टर, हे आजोळाचं काय खूळ आहे तुमचं?"

त्या दिवशी पेशंटने लवकर "घ्या" म्हटलं होतं, त्यामुळे स्वारी रंगात होती. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. भूल देताना एक इंजेक्शन देतात, त्याने सगळे स्नायू ढिले पडतात. श्वाससुद्धा थांबतो. घशात नळी घालायची तर ते लागतं. औषध झटकन लागतं आणि तितक्याच झटकन उतरतं, कारण आपल्या रक्तातला एक पदार्थ त्याला मोडून टाकतो. पण काही माणसांच्या रक्तात हा पदार्थ जन्मतः नसतोच. एरवी त्यांचं काही अडत नाही. शेती करतात, दुकान चालवतात, पिकली पानं होऊन जातात. फक्त हे एक इंजेक्शन दिलं, की तासन्‌तास ती श्वास घेऊ शकत नाहीत. आणि ही उणीव सगळीकडे सारखी नसते. एका विशिष्ट समाजात ती इतरांपेक्षा पुष्कळ जास्त सापडते.

"का पण? त्यांनीच काय पाप केलं?"

"पाप कसलं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच विहिरीतून पाणी भरलं, तर विहिरीत जे आहे ते सगळ्यांच्या हंड्यात येणार. आपल्या देशात तर प्रत्येक जातीची विहीर वेगळी. लग्न आपल्यातच. म्हणून प्रत्येकाच्या हंड्यात काही ना काही आहे. यांच्यात हे, त्यांच्यात ते. कोरा हंडा कोणाचाच नाही."

डोंगरातल्या वाड्यांवरच्या माणसांचं त्यांनी सांगितलं. पूर्वी रानात हिवतापाने माणसं पटापट जायची. ज्यांच्या रक्तात एक लहानसा बदल होता ती तगली आणि तोच बदल मुलांना देऊन गेली. तो एकाच बाजूने आला तर ढाल. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला, तर सिकलसेलचा आजार. म्हणून वाडीवरचं माणूस टेबलावर आलं की हे चिठ्ठीबिठ्ठी न बघता आधी त्याच्या अंगावर दोन चादरी टाकायचे; त्या रक्ताला थंडी आणि अपुरा प्राणवायू सोसत नाही.

"मग सरळ जात विचारा ना. आजोळ कशाला?"

"जात विचारली की माणूस एक तर ताठ होतो, नाही तर मान खाली घालतो. दोन्हींत खरं कळत नाही. आजोळ विचारलं की हसतो. आणि गाव कळलं, मामाचं आडनाव कळलं, मामाकडे कोणाला ऑपरेशननंतर उशिरा जाग आली होती का ते कळलं, की माझं काम झालं."

नेरळचे एक दुकानदार होते, जुन्या कोकणी मुसलमान घरातले. हर्नियासाठी आले होते. त्यांना हा प्रश्न विचारल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं घर आन्‌ माझं आजोळ यांच्यामंदी एकच भिंत हाय. अब्बा आन्‌ अम्मी चुलत भावंडं." डॉक्टर एवढे खूश झाले, की म्हणाले, "मग आज प्रवास नाही, नुसती भिंत ओलांडायची." पण त्यानंतर घरातल्या सगळ्यांची चौकशी इतक्या बारकाईने केली, की मॅडमनी हातमोजे काढून पुन्हा नवे घातले.

हे खूळ कुठून लागलं तेही एकदाच बोलले. शिकत असताना त्यांच्या समोर एक तरुण मुलगा त्या इंजेक्शननंतर श्वासावर आलाच नाही. कोणाला कारण कळेना. वेळेवर हाताने श्वास देत राहिले असते तर तो घरी गेला असता. "त्याच्या आईला आम्ही सांगितलं, हृदय कमजोर होतं. खोटं होतं ते. आम्हाला माहीतच नव्हतं." एवढं सांगून त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

मी त्यांना उलट विचारलं होतं, "तुमचं आजोळ कुठलं, डॉक्टर?"

"मी कुठे टेबलावर झोपलोय? झोपेन तेव्हा विचारा."

मला वाटलं, असेल कोकणात कुठे तरी, सांगतील कधी तरी. ते एकटे राहायचे. दहिवलीत एक खोली, खाली मेसचा डबा. लग्न नाही. सणाला कोणी आलेलं नाही, हे कोणाकडे गेलेले नाहीत. दिवाळीत मी फराळाचा डबा द्यायचे, तो रिकामा परत करताना त्यात चिमूटभर साखर घातलेली असायची. रिकामा डबा परत देऊ नये, हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

मग नेरळला बिल्डिंगी उठल्या. कुठली कुठली माणसं राहायला आली, साजगावच्या कंपन्यांत तर आधीपासूनच दूरदूरची होती. डॉक्टरांना वाटलं, चंगळ झाली. नवी गावं, नवे रस्ते. ओळखीच्या ड्रायव्हरांना विचारून ते त्या रस्त्यांची माहिती काढून ठेवायचे. पण नव्या माणसांना आजोळ विचारणारा डॉक्टर नवा होता. एका गृहस्थांना राग आला. त्यांनी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की अमुक एक डॉक्टर ऑपरेशनच्या टेबलावर आडून आडून जात काढतो. ते पुढे गेलं, आणखी पुढे गेलं. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्याकडे बघून कुजबुजायला लागले. मॅडम म्हणाल्या, "थोडे दिवस नका विचारू." ते म्हणाले, "थोडे दिवस थांब, असं त्या रक्ताला सांगता येईल का?"

मला तेव्हा त्या लोकांचा भयंकर राग आला होता. आता तेवढा येत नाही. ज्याला आयुष्यभर जात विचारून मागे ढकललंय, त्याने या प्रश्नावर दचकायचं नाही तर काय करायचं? पण चांगल्या माणसाचं नाव असं फुकटात खराब झालेलं बघवत नाही, हेही खरंच.

आता एका मुलीचं सांगते. ती आता या भागात राहत नाही, आणि तिच्या समाजाचं नाव मी लिहिणार नाही. उद्या कोणाच्या मुलीच्या लग्नात कोणी तरी हे काढून बसेल.

दुपारची वेळ. नेरळजवळच्या एका गावातून रिक्षात घालून तिला आणलं. पहिलं बाळंतपण. बाळ पोटात असतानाच वार सुटली होती आणि रक्त थांबत नव्हतं. पाठीत इंजेक्शन देऊन बधिर करण्याएवढी उसंत नव्हती, पूर्ण भूल द्यावी लागणार होती. डॉक्टर त्या वेळी सुदैवाने आमच्याकडेच होते. स्ट्रेचरबरोबर चालता चालता त्यांनी वाकून विचारलं, "बाळ, आजोळ कुठलं तुझं?"

उत्तर सासूने दिलं. "कशेळ्याची हाय ती. आमच्यातलीच हाय. आईबाप नाय तिला."

नवरा पुढे झाला. कंपनीच्या गणवेशातच होता, साजगावहून ड्युटी टाकून आलेला. "तुमी त्येच ना, जात काढणारे? आदी तिला बघा की!"

डॉक्टरांनी स्ट्रेचर आत ढकललं. थिएटरचं दार बंद झाल्यावर मात्र त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "इथे आता आपणच आहोत. बाहेरचं कोणी नाही. खरं सांग, आजोळ कुठलं?"

"कशेळं."

"बरं. मग निघालो. कर्जत सोडलं, चार फाटा गेला. कशेळं यायच्या आधी मधे कुठलं मोठं गाव लागतं गं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. कशेळ्याचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, कडाव. डॉक्टरांचा हात सिरिंजवर थांबला. त्यांच्याकडे दुसरं औषध होतं, पण ते लागायला वेळ घेतं. मॅडम ओरडल्या, "ठोके कमी होताहेत बाळाचे! डॉक्टर!" डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि इंजेक्शन दिलं.

मुलगी झाली. जरा थोपटल्यावर रडली. मॅडमनी टाके घातले, रक्त थांबलं. सगळं आटोपलं आणि आम्ही बाळंतिणीच्या श्वासाची वाट बघत उभे राहिलो. तो आला नाही. एरवी जे काही मिनिटांत उतरतं, ते उतरेना. डॉक्टरांना काही तपासायची गरज नव्हती. हातातली रबरी पिशवी दाबत ते म्हणाले, "सिस्टर, स्टूल द्या. बराच वेळ बसावं लागणार आहे."

पिशवी दाबली की तिची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. आमच्याकडे श्वासाचं मशीन नव्हतं, आणि अशा अवस्थेत तिला घाटवळणांनी पनवेलला नेणं त्यांना पटेना. "मी घेते जरा," मी म्हणाले, तर मान हलवली. गुंगीचं औषध ते देत होते, तरी बोलणं चालूच. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला बोट हलवता येत नाही त्याला ऐकू येत नाही असं कोणी सांगितलं? पण सुरुवात केली "कशेळ्याचा रस्ता" अशी, आणि थांबले. "तिथली नाही ही. हिला खोट्या गावाला कशाला न्यायचं? सिस्टर, जा, नवऱ्याला एकट्याला गाठा. जात विचारू नका. तिची आई कुठली तेवढं विचारा."

नवरा जिन्याखाली पाण्याच्या टाकीशी उभा होता. मी विचारलं आणि त्याने आधी जिन्यावर कोणी नाही ना ते बघितलं. पोरगी इथली नव्हतीच. नांदेडच्याही पलीकडून, गोदावरीच्या काठच्या एका गावाहून तिचा बाप साजगावला कामाला आला होता. तिथेच यांचं जमलं. बापाने तिचं नाव टाकलं, आणि याने घरी आईला सांगितलं, की अनाथ आहे, कशेळ्याची आहे, आपल्यातलीच आहे. "आईला कळलं तर हिला घरात ठेवायची नाय, सिस्टर. पोर घेऊन कुठं जाईल ती?" मग त्याने तिच्या समाजाचं नाव सांगितलं.  डॉक्टर वर्षानुवर्षं टेबलावरच्या प्रत्येक माणसात जे शोधत होते, ते हेच.

मी आत येऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पिशवी दाबणं मात्र थांबलं नाही. मग ती दुपार त्यांनी कधी न पाहिलेल्या गावात काढली. नदी आली, घाट आला, घाटाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी. सगळं मनाने रचत होते. उन्हं उतरेपर्यंत बोटं ताठली, डाव्या हाताने उजवा चोळायचा आणि पुन्हा दाबायचं. मॅडम पिशवी घ्यायला आल्या तेव्हा थोडा वेळ दिली. तेवढ्यात भिंतीला टेकले आणि लगेच परत आले.

दिवेलागणीला तिची पापणी हलली. मग बोट. मग छाती आपली आपण वर आली. आणखी बऱ्याच वेळाने नळी काढली. ते वाकले. "मी चहा घेऊ का?"

ओठ हलले. आवाज असा नव्हताच. पण "घ्या" म्हणाली. मला रडू आवरेना. मॅडमसुद्धा तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

खरी अडचण त्यापुढे होती. सासू दाराशी बसलेली. जेवली नव्हती, पाणी प्यायली नव्हती. तिला काही तरी सांगणं भाग होतं. मॅडम म्हणाल्या, "रक्तातली उणीव आहे, खानदानात चालत येते, असं सांगते." डॉक्टर म्हणाले, "मग ती विचारेल कुठल्या खानदानात. कशेळ्याला जाऊन शोध घेईल. खरं कारण सांगायचं तर आजोळ सांगावं लागेल, मॅडम. आणि आजोळ सांगितलं तर ही पोर रस्त्यावर."

आम्ही काही बोलायच्या आत ते बाहेर गेले आणि टोपी हातात घेऊन सासूसमोर उभे राहिले. "आजी, माझ्या हातून औषध जास्त गेलं. म्हणून तुमच्या सुनेला उशिरा जाग आली. चूक माझी आहे."

सासूने त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. "जात काढायचं बरं आठवलं, आन्‌ औशद मोजायचं नाय आठवलं?" असंही म्हणाली. तिचं चुकलं का? तिच्या जागी मीही तेच बोलले असते. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टर सगळं ऐकून घेऊन आत आले आणि गार झालेला चहा प्यायले.

आम्हाला त्यांनी बजावलं, हे बाहेर जाता कामा नये. मला आत कुठे तरी जळत होतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात औषधाचा एक थेंब जास्त दिला नाही, त्याने हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं! मी भांडले. ते म्हणाले, "सिस्टर, एकदा एका आईला खोटं सांगितलं होतं, ते स्वतःला वाचवायला. हे तसं नाही. हे सोसवेल."

ती घरी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिच्याकडून त्या औषधाचं नाव पाठ करून घेतलं. स्कोलिन. कुठल्याही ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला एकटीने सांगायचं, हे औषध मला चालत नाही. बहिणींना कळवायचं, मुलगी मोठी झाली की तिला सांगायचं. तिने शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, मला नदी ऐकू आली. पण घाटाच्या पायऱ्या उजव्या हाताला आहेत. तुम्ही डाव्या हाताला सांगितल्या."

त्यांचा चेहरा असा फुलला, की मी तसा तो आधी कधी बघितला नव्हता. "चुकलंच माझं," म्हणाले.

पुढे काय झालं ते सांगायला नको खरं तर. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. जात काढणारा, त्यात आता जास्त औषध देणारा. खोपोलीहून फोन यायचे बंद झाले, मग नेरळहून. आमच्याकडे मॅडम बोलवत राहिल्या, पण पेशंटचे लोकच म्हणायचे, "त्ये टोपीवाले नको." मॅडमना पनवेलहून दुसरे डॉक्टर बोलवावे लागायला लागले. आमचे डॉक्टर एकदाही तक्रार करायला आले नाहीत.

एस. टी. स्टँडवर बसायला लागले. मी ड्युटीवरून परतताना दिसायचे. बाकावर टोपी घालून बसलेले, शेजारच्या माणसाला विचारत, "काय हो, आजोळ कुठलं तुमचं?" एखादी म्हातारी भरभरून सांगायची. बाकीचे लोक उठून दुसऱ्या बाकावर जायचे. कोणी पोरगं मोबाइल काढून हसत उभं असायचं. मी त्या पोरांना पिटाळून लावायचे आणि त्यांना म्हणायचे, "चला, घरी सोडते." ते म्हणायचे, "थांबा, यांची गाडी लागू दे."

त्यांना आणलं ते मेसवाल्याने. दोन दिवस डबा तसाच परत आला म्हणून तो वर गेला, तर हे पोट धरून कोपऱ्यात पडलेले. आतडं फुटलं होतं आणि पोटभर विष पसरलं होतं. पनवेलपर्यंत टिकतील असं वाटेना. मॅडमनी ओळखीच्या सर्जनना बोलावलं, भूल द्यायला पनवेलची एक तरुण डॉक्टर आली. तिला हे कोण ते ठाऊक नव्हतं. तिने खाल्लंय का विचारलं, दात बघितले.

मी त्यांच्या डोक्याशी वाकले. टोपी काढलेली, केस विरळ झालेले. मी म्हणाले, "डॉक्टर, आता झोपलात टेबलावर. आता सांगा. आजोळ कुठलं?"

त्यांचा हात टोपी शोधत डोक्याकडे गेला. मग म्हणाले, "ठाऊक नाही हो, सिस्टर. अनाथाश्रमात वाढलो. कोणी आणून ठेवलं, कुठून आणलं, कोणाला माहीत नव्हतं." धाप लागली, थांबले. "त्या बाईंना सांगा, स्कोलिन नको. ज्याला आपली विहीर माहीत नाही, त्याने... दुसरं द्या म्हणावं."

मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे चमकून बघितलं आणि औषध बदललं.

आजोळाशिवाय या माणसाला झोपवायचं कसं? मला माझंच सुचलं. माझी आई साजगावची. मी म्हणाले, "चला डॉक्टर, निघालो. कर्जत सोडलं. पळसदरी आली. उजव्या हाताला डोंगर आहे. आता केळवली. मामाच्या गावाला चाललोय, यात्रेचे दिवस आहेत. बघा, खोपोली आली..." त्यांचा श्वास लांबला. मी थांबले.

ऑपरेशननंतर मी चहाला गेले नाही. स्टूल घेऊन बसले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा विचारलं, "मी चहा घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या." मला वाटलं, वाचले.

पण पोटातलं विष रक्तात गेलं होतं. एकेक अवयव दमत गेला. मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं म्हटलं तर हात हलवून नाही म्हणाले. कोणाला कळवायचं, हे विचारायचं आमच्या तोंडावर आलं आणि तोंडातच राहिलं. मॅडमनी त्या मुलीच्या नवऱ्याचा नंबर शोधला, तो लागला नाही.

शेवटच्या दुपारी मी त्यांचा हात धरून बसले होते. मला वाटलं, ते कुठले जागे असायला. तेवढ्यात ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सिस्टर, खोपोलीपर्यंतच नेलंत. पुढे?"

मी डोळे पुसले आणि निघाले. "खोपोली गेली. आता साजगाव. कंपन्या अजून आलेल्या नाहीत, सगळी शेतं आहेत. देवळापाशी यात्रा भरलीय. दुतर्फा सुक्या मासळीच्या राशी लागल्यात, वास येतोय ना? लोक बोंबील पारखून घेताहेत. देवळावरून डावीकडे वळायचं. चिंच आहे, तिच्या पलीकडे मामाचं घर. अंगण सारवलेलं आहे, चपला इथे काढा."

"आत कोण आहे?"

"मामी आहे. चुलीपुढे बसलीय."

"काय म्हणते?"

"म्हणते, आलास का रं बाळा? किती उशीर."

त्यांनी माझा हात किंचित दाबला. त्यानंतर काही विचारलं नाही.